शीग, रास आणि अंबारखाना
धान्यमापनाच्या इतिहासातील एक पद्धतिविषयक प्रश्न

१

पाण्याची घागर काठोकाठ भरते. ज्वारीची पायली शिगोशीग भरते. या दोन क्रियाविशेषणांची अदलाबदल मराठी बोलणारा मनुष्य सहसा करीत नाही. काठाच्या वर उभे राहण्याचे सामर्थ्य पाण्यात नाही, धान्यात आहे. मापाच्या तोंडावर धान्याचा जो निमुळता ढीग राहतो त्यास आपण ‘शीग’ म्हणतो. या शब्दाचा संबंध संस्कृत ‘शिखा’ या शब्दाशी जोडला जातो आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे त्यास मापनशास्त्रातूनही दुजोरा मिळतो. आज ‘उत्साह शिगेला पोहोचला’ असे लिहिणाऱ्या अनेकांनी प्रत्यक्ष शीग पाहिलेली नसते. वस्तू व्यवहारातून गेली आणि शब्द लक्षणेने उरला, असा हा प्रकार आहे.

प्रस्तुत लेखाचा हेतू मात्र केवळ व्युत्पत्तीचा नाही. दप्तरांतून आणि शिलालेखांतून धान्याचे आकडे खंडी, मण, कुडव, पायली या परिमाणांत येतात. संशोधक कोष्टक पाहून त्यांचे वजनात रूपांतर करतो आणि त्यावरून उत्पन्न, सारा, दुष्काळ किंवा सुबत्ता यांविषयी अनुमाने काढतो. या रूपांतरात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती ही की पायलीभर धान्य म्हणजे धान्याची एक निश्चित राशी होय. हे गृहीत तपासून पाहणे आवश्यक आहे. ते तपासावयाचे तर दाण्यांचा समुच्चय भार कसा पेलतो आणि हलविला, दाबला असता कसा वागतो, याचा थोडा विचार केला पाहिजे.

२

प्रथम राशीचा विचार करू. खळ्यावर उफणलेले धान्य ओतत गेले म्हणजे रास उंच होत जाते, परंतु तिचा उतार एका मर्यादेपलीकडे तीव्र होत नाही. दाण्यादाण्यांमधील घर्षण जोवर त्यांस धरून ठेवते तोवर उतार टिकतो. त्यापुढे वरचा थर घसरतो आणि उतार पूर्ववत होतो. घर्षण आणि मातीचा रेटा यांचे गणित युरोपात कूलों याने १७७३ मध्ये मांडले. राशीच्या उताराचे व्यवहारोपयोगी गणित मात्र आपल्याकडे त्याच्या कित्येक शतके आधी रूढ होते.

ब्रह्मगुप्ताच्या ग्रंथात (इ. स. ६२८) आणि पुढे भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) ‘राशिव्यवहार’ नावाचे प्रकरण आहे. राशीच्या पायथ्याचा घेर मोजावा. धान्य जाड असेल तर त्या घेराचा दहावा भाग, बारीक असेल तर अकरावा भाग आणि कुसळाचे असेल तर नववा भाग ही राशीची उंची समजावी, असा नियम तेथे दिला आहे. घेराच्या सहाव्या भागाचा वर्ग करून त्यास उंचीने गुणिले म्हणजे राशीचे घनफळ येते. आजच्या परिभाषेत मांडल्यास हे उतार अनुक्रमे सुमारे ३२, ३० आणि ३५ अंशांचे होतात. कुसळाचे दाणे परस्परांत अडकतात म्हणून त्यांची रास अधिक उभी राहते, आणि बारीक धान्य अधिक पसरते. प्रत्येक धान्याचा उतार निराळा असतो, हे निरीक्षण या नियमात स्पष्टपणे ग्रथित झाले आहे. भिंतीला टेकलेली अथवा कोपऱ्यात घातलेली रास कशी मोजावी, हेही भास्कराचार्य सांगतात. घनफळाच्या सूत्रात परिघ व्यासाच्या तिप्पट धरल्यामुळे उत्तर सुमारे पाच टक्क्यांनी जास्त येते. तथापि केवळ दोरी हाती असलेल्या माणसास राशीचा अंदाज देण्याचे काम ते उत्तम रीतीने करते.

३

रास मापात घातली की प्रश्नाचे स्वरूप पालटते. तो आता गणिताचा न राहता हक्काचा होतो.

कौटिलीय अर्थशास्त्रातील तुलामानाच्या अध्यायात धान्याचे माप कोरड्या, टणक लाकडाचे असावे आणि त्याची शिखा मापाच्या चौथ्या हिश्श्याइतकी असावी, अथवा शिखा पोटात सामावून घेणारे ‘अंतःशिख’ माप करावे, असा विधी आहे. आपल्या शिगेचे शास्त्रीय नाव येथे ‘शिखा’ असेच आहे. त्याच अध्यायात द्रोण या मापाचे चार प्रकार दिले आहेत. राजाकडे जमा करून घेण्याचा द्रोण २०० पलांचा, व्यापाराचा १८७॥ पलांचा, वाटप करण्याचा १७५ पलांचा आणि अंतःपुरातील वाटपाचा १६२॥ पलांचा. नाव एकच, परंतु घेण्याचे माप देण्याच्या मापाहून मोठे! हा भेद शास्त्रकाराने उघडपणे नोंदविला आहे, हे विशेष होय.

शीग किती मोठी असावी हे धान्याइतकेच भांड्याच्या आकारावर अवलंबून असते. ‘लीलावती’तील जाड धान्याचा उतार घेतला तर ज्या वर्तुळाकार मापाची उंची त्याच्या व्यासाइतकी आहे त्यावरील शीग मापाच्या सुमारे दशांश भरते, उंची व्यासाच्या निम्मी असेल तर तीच शीग पंचमांश होते. म्हणजे काठापर्यंत अगदी समान धान्य मावणारी दोन मापे केली, एक उभट आणि दुसरे पसरट, तरी शिगेने मोजताना पसरट मापात धान्य अधिक जाते. माप बदलल्याचे कोणाच्या सहज ध्यानात येत नाही, आणि देणाऱ्याचे मात्र दर मापामागे नुकसान होत राहते. पोलिश इतिहासकार व्हिटोल्ड कुला यांनी ‘मापे आणि माणसे’ या आशयाच्या शीर्षकाच्या आपल्या ग्रंथात (१९७०) युरोपातील जमीनदार व शेतकरी यांच्यातील याच कलहाचा सविस्तर इतिहास दिला आहे.

महाराष्ट्रातील एक पुरावा या संदर्भात फार बोलका आहे. चाळीसगावजवळील पाटण येथे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणलेला इ. स. १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापिलेल्या मठास मिळालेल्या दानांची त्यात नोंद आहे. लेखाचा बराचसा भाग संस्कृत असून शेवटी दानाचा प्रत्यक्ष तपशील प्राचीन मराठीत दिलेला आहे. त्या मराठी भागात, येथे जे मोजावयाचे ते मठाच्याच मापाने मोजावे आणि ‘मापाऊ’ म्हणजे मोजणीचे शुल्क निम्मे मठाचे व निम्मे मापाऱ्याचे, अशा अर्थाची तरतूद आहे. ज्या मठात राशीचे घनफळ शिकविले जाणार, त्यालाच बाजारातील मापाचा अधिकार मिळाला. वंशस्तुती संस्कृतात आणि मापाचा नियम मराठीत, ही भाषेची विभागणीही अर्थपूर्ण आहे. ज्या लोकांमध्ये तंटा उद्भवण्याचा संभव होता त्यांना समजेल अशाच भाषेत नियम कोरला गेला.

४

शिगेचा वाद निदान डोळ्यांना दिसतो. काठाच्या आत जे घडते ते दिसत नाही. हलक्या हाताने ओतलेले दाणे एकमेकांस जेमतेम टेकून राहतात आणि मध्ये पुष्कळ पोकळी उरते. भांड्यास ठोका दिला की दाणे सरकून पोकळ्यांत बसतात. जी. डी. स्कॉट यांनी १९६० मध्ये सारख्या गोळ्यांवर केलेल्या प्रयोगांत सैल भरणीत सुमारे ६० टक्के आणि हलवून केलेल्या भरणीत सुमारे ६४ टक्के जागा गोळ्यांनी व्यापलेली आढळली. हाच हिशेब धान्यास ढोबळमानाने लावला तर चार शेरांच्या पायलीमागे सुमारे पाव शेराचा फरक पडतो. आणि ही क्रिया एकाच दिशेने चालते: ठोक्याने बसलेले धान्य त्याच मापात पुन्हा ठोकून सैल करता येत नाही. ते ओतून पुन्हा भरावे लागते.

याच्या उलट बाजूचा शोध ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८५ मध्ये लावला. घट्ट बसलेल्या दाण्यांचा आकार बदलावयाचा तर त्यांस प्रथम फुगावे लागते, कारण प्रत्येक दाण्यास शेजाऱ्याच्या खांद्यावरून पलीकडे जावयाचे असते. ठासून भरलेल्या पोत्यात हात शिरत नाही याचे कारण हेच. तेथे फुगावयास जागाच नसते.

तेव्हा धान्य कोणत्या उंचीवरून ओतले, भांडे हलविले की नाही, हाताने दाबले की नाही, या सर्वांची खूण मापाच्या पोटात राहते. बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानात उदार मापाचे वर्णन दाबणे, हलविणे व वर भरणे या तीन क्रियांनी केले आहे आणि मराठी भाषांतरकारांनी तेथे ‘शीग’ हाच शब्द योजिला आहे. खळ्यावर पहिले माप ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणून मोजण्याचा प्रघात सर्वपरिचित आहे. लाभ कोणाचा, हे मात्र मापाऱ्याच्या हातावर अवलंबून असे. बलुतेदाराच्या वर्षभराच्या पोटाचा प्रश्न त्या हातात असे.

५

साठवणुकीतही हेच गुणधर्म प्रकट होतात. ‘अंबार’ हा फारसीतून आलेला शब्द ढीग आणि कोठार या दोन्ही अर्थांनी वापरला जातो. पन्हाळगडावरील अंबारखान्यात गंगा, यमुना व सरस्वती अशा तीन कोठ्या आहेत. त्यांपैकी गंगा कोठीची उंची सुमारे ३५ फूट असून तीत २५,००० खंडी धान्य मावे असे सांगितले जाते. तिच्या छतात सोळा खण असून प्रत्येक खणास धान्य ओतण्यासाठी छिद्र आहे. पाण्याच्या टाक्यास एक तोंड पुरले असते. धान्य स्वतः समपातळीत येत नाही. एका छिद्रातून ओतले तर एकच शंकू होऊन कोपरे रिते राहतील. खणोखणी छिद्र ठेवण्यामागे हा अनुभव असावा, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

दाण्यांचा भार सरळ खालीच उतरतो असेही नाही. तो स्पर्शबिंदूंमधून वाकडातिकडा जातो. काही दाण्यांच्या साखळ्या बहुतेक ओझे वाहतात आणि शेजारचे दाणे जवळजवळ मोकळे असतात. अशा साखळ्या भिंतीस टेकल्या की भिंतीचे घर्षण धान्याचा काही भार स्वतःवर घेते. जर्मन अभियंता यान्सेन याने १८९५ मध्ये दाखविले की उंच व अरुंद कोठारात काही खोलीनंतर तळावरील दाब फारसा वाढत नाही. अंबारखान्यासारख्या रुंद इमारतीत हा परिणाम कमी, तथापि भिंतीस बाहेर रेटणारा जोर तेथेही असतोच. बांबूच्या कणगीस गोल विणीने आणि जमिनीतील पेवास सभोवतालच्या मातीने हा जोर सोसावा लागतो. ‘पेव फुटणे’ या वाक्प्रचारात अडून राहिलेल्या दाण्यांचा एकाएकी सुटलेला लोंढाच मराठी मनाने पाहिला असावा.

६

या विवेचनाचा निष्कर्ष असा. मध्य प्रांतात १९२८ मध्ये वजने व धारणमापे यांविषयी कायदा झाला. पुढे १९५६ च्या केंद्रीय कायद्याने मेट्रिक पद्धती आली आणि धान्याचा अधिकृत व्यवहार वजनावर गेला. तराजूस शीग नसते आणि धान्य सैल की घट्ट याची त्यास पर्वा नसते. या सुधारणेने केवळ सुसूत्रता आणली असे नव्हे. मापाऱ्याच्या हातातील एक अदृश्य अधिकार तिने काढून घेतला. तराजूचे स्वतःचे गैरप्रकार असतात, पण ते निराळ्या जातीचे.

याचा दुसरा अर्थ अभ्यासकाने विसरता कामा नये. शीग व भरणी यांचा फरक एकत्र धरला तर दोन पायल्यांमध्ये सहाव्या ते चौथ्या हिश्श्याइतके अंतर पडू शकते. दप्तरातील उत्पन्न इतक्या प्रमाणात घटलेले दिसले, तर पीक बुडाले की माप बदलले, हे आकडा स्वतः सांगत नाही. म्हणून जुन्या खंडी-मणांचे किलोग्रॅममध्ये रूपांतर करण्यापूर्वी कागदास तीन प्रश्न विचारले पाहिजेत: माप कोणाचे, ते शिगेचे की काठाबरोबर पुसलेले, आणि भरणारा हात देणाऱ्याचा की घेणाऱ्याचा. पूर्व विदर्भातील खेड्यांत पायली-कुडवाची भाषा अद्याप कानी पडते. मोजण्याच्या कृतीशी निगडित असलेले तेथील शब्द व क्रियापदे जो विद्यार्थी काळजीपूर्वक टिपून ठेवील, तो जुन्या दप्तरांच्या वाचनास आवश्यक असे साधन पुढील संशोधकांच्या हाती देईल.