परदेशातून यवतमाळच्या खात्यात पैसा : घरासाठी एक रस्ता, विहारासाठी दुसरा

दिग्रस, आर्णी, उमरखेड, वणी अशा तालुक्यांतून परदेशी गेलेली मुले-मुली आता विरळ राहिलेली नाहीत. कुणी दुबई-कतारला कामावर आहे, कुणी इंग्लंड-जर्मनीत शिकते आहे, कुणी अमेरिकेत स्थिरावले आहे. पहिल्या पिढीतील विद्यार्थ्यांना मोठ्या विद्यापीठांची वाट दाखवणाऱ्या ‘एकलव्य’ उपक्रमाची सुरुवातही यवतमाळातूनच झाली. गेलेला माणूस घरी पैसे पाठवतो. थोडा स्थिरावला की गावच्या विहारासाठी, वाचनालयासाठी किंवा एखाद्या होतकरू मुलाच्या फीसाठीही पाठवतो. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार 2023-24 मध्ये परदेशातून देशात आलेल्या अशा रकमांत महाराष्ट्राचा वाटा सुमारे 20.5 टक्के होता, म्हणजे केरळपेक्षाही थोडा जास्त.

मात्र घरी पाठवलेला पैसा आणि संस्थेला दिलेला पैसा हे कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळे व्यवहार आहेत. पहिल्यात चूक झाली तर थोडे पैसे आणि थोडा वेळ जातो. दुसऱ्यात चूक झाली तर विहार समितीचे अध्यक्ष-सचिव गुन्ह्यात अडकू शकतात. आपल्या कार्यकर्त्यांत या दुसऱ्या भागाबद्दल फारच कमी बोलले जाते, म्हणून हा लेख.

आधी खाते बदला

नोकरीसाठी परदेशी गेलेला माणूस परकीय चलन व्यवस्थापन कायद्याप्रमाणे, म्हणजे फेमाप्रमाणे, अनिवासी ठरतो. शिकायला गेलेल्या विद्यार्थ्यालाही रिझर्व्ह बँक 2003 पासून अनिवासीच मानते. गावातले जुने बचत खाते तसेच चालू ठेवणे नियमात बसत नाही. ते एनआरओ खात्यात बदलून घ्यावे लागते. बहुतेक जण हे करत नाहीत. एटीएम कार्ड आईकडे देतात आणि वर्षानुवर्षे तसेच चालते. केवायसीच्या वेळी बँक विचारते तेव्हा घरचे गोंधळतात.

एनआरओ खाते भारतातल्या उत्पन्नासाठी असते : घरभाडे, ठेवीचे व्याज, वडिलोपार्जित शेताचे पैसे. त्यावरच्या व्याजातून 30 टक्के दराने आणि वर उपकर धरून कर आधीच कापला जातो. कर भरून झाल्यावर या खात्यातून एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी नेता येते.

एनआरई खाते परदेशातल्या कमाईसाठी असते. त्याचे व्याज भारतात करमुक्त असते आणि मुद्दल-व्याज दोन्ही हवे तेव्हा परत नेता येते. परदेशात कमावणाऱ्याने घरी पैसे पाठवण्यासाठी आपल्या नावाने हे एक खाते उघडून ठेवावे, असे माझे मत आहे. गावातल्या भावाला किंवा वडिलांना त्यावर मॅन्डेट देता येते. त्यांना स्थानिक खर्चासाठी पैसे काढता येतात आणि मालकी तुमचीच राहते. सगळी कमाई भावाच्या खात्यात टाकायची आणि दहा वर्षांनी घराच्या वाटणीत कुणाचा किती पैसा यावर भांडायचे, हे घरोघरी पाहायला मिळते.

शेतीचे एक लक्षात ठेवा. अनिवासी माणसाला शेतजमीन वारशाने मिळू शकते, पण विकत घेता येत नाही. कळंब-राळेगावकडे कपाशीचे चार एकर घ्यायचे म्हणून पैसे पाठवत असाल, तर आधी हे तपासा. निवासी आई-वडिलांच्या नावाने घेतलेली जमीन कायद्याने त्यांचीच असते.

पैसे कसे येतात

परदेशातली बँक किंवा ॲप तुमच्याकडे ‘आयबॅन’ मागते. भारतात आयबॅन नाही. इथे खाते क्रमांक, शाखेचा अकरा अक्षरांचा आयएफएससी कोड (त्यात पाचवे अक्षर नेहमी शून्य असते) आणि बँकेचा आठ किंवा अकरा अक्षरांचा स्विफ्ट कोड लागतो. तालुक्याच्या शाखेला स्वतःचा स्विफ्ट कोड बहुधा नसतो. मोठ्या शहरातल्या ज्या शाखेमार्फत तुमच्या बँकेचे परकीय व्यवहार होतात तिचा कोड शाखेतून लेखी मागून घ्या. जुन्या पासबुकावरचा आयएफएससी वापरू नका. 2019 आणि 2020 मध्ये देना, आंध्रा, सिंडिकेट, अलाहाबाद अशा बँका मोठ्या बँकांत विलीन झाल्या आणि त्यांचे कोड बदलले.

बहुतेक नागरी सहकारी बँकांना आणि पतसंस्थांना परकीय चलनाचा परवाना नसतो. रक्कम आधी राष्ट्रीयीकृत किंवा खाजगी बँकेतल्या खात्यात घ्यावी आणि लागेल तेवढीच पुढे वळवावी. बचत कुठे साठवायची हा प्रश्नही आपल्या जिल्ह्यात कागदावरचा नाही. यवतमाळच्या बाबाजी दाते महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2022 मध्ये रद्द केला. बँक बुडाली तर ठेव विमा एका ठेवीदाराला एका बँकेत पाच लाख रुपयांपर्यंतच मिळतो. आखाती देशात उन्हात राबून जमवलेले बारा लाख एकाच छोट्या बँकेत ठेवणाऱ्याने हे आधीच माहीत करून घ्यावे.

पाठवणीचा खरा खर्च ‘फी’मध्ये दिसत नाही, तो दरात लपलेला असतो. हिशेबापुरते समजा, बाजारात डॉलरचा दर 85 रुपये आहे आणि कंपनी ‘शून्य फी’ म्हणून 83.50 देते. हजार डॉलरवर 1500 रुपये गेले, आणि पावतीवर काहीच दिसले नाही. म्हणून पाठवण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा : सगळे वजा जाता यवतमाळच्या खात्यात नेमके किती रुपये पडणार? दोन-तीन ठिकाणी तोच प्रश्न विचारला की फरक लगेच कळतो. स्विफ्टने पाठवताना मधल्या बँकाही आपला आकार कापतात. पूर्ण रक्कम पोचायला हवी असेल तर सगळा आकार पाठवणाऱ्याकडे असा पर्याय निवडावा लागतो. चलन बदलण्यावर जीएसटीही आहे, पण तो किरकोळ असतो. एक लाख रुपयांवर 180 रुपये.

आखातातल्या एक्स्चेंज हाउसमधून येणारा पैसा बहुधा थेट खात्यात जमा होतो. गावातल्या काउंटरवर रोख मिळणाऱ्या मनी ट्रान्स्फरला मर्यादा आहेत : एका वेळी 2500 डॉलर, एका व्यक्तीला वर्षातून 30 वेळा, आणि रोख फक्त 50 हजार रुपयांपर्यंत. ही सोय केवळ घरगुती पैशांसाठी आहे. संस्थेला देणगी या मार्गाने पाठवताच येत नाही. सिंगापूरमध्ये असलेल्यांना फेब्रुवारी 2023 पासून तिथल्या पे-नाऊमधून भारतातल्या यूपीआयवर पैसे पाठवता येतात. अमेरिकेने 1 जानेवारी 2026 पासून बाहेर पाठवल्या जाणाऱ्या पैशांवर एक टक्का कर लावला आहे, पण तो रोख, मनी ऑर्डर अशा मार्गांवर आहे. बँक खात्यातून पाठवणाऱ्याने घाबरायचे कारण नाही.

‘माझ्या ओळखीचा माणूस तिकडे दिरहम घेतो आणि इकडे पुसदला रुपये देतो’ ही हवाला आहे. दर चांगला मिळतो म्हणून ती कायदेशीर होत नाही. उद्या त्याच पैशाने घर घेतले तर पैसा कुठून आला याचा कागद तुमच्याकडे नसतो.

फीसाठी मदत आणि करखाते

पालक, भावंडे, नवरा-बायको, मुले, काका, मामा, मावशी, आत्या यांनी दिलेली भेट कितीही असली तरी घेणाऱ्याला आयकर लागत नाही. आपल्याकडे भाऊ म्हटले की चुलत-मामे सगळे आलेच, पण आयकराच्या व्याख्येत चुलत भाऊ ‘नातेवाईक’ नाही. समाजातला एखादा दादा लंडनहून गावातल्या मुलीची फी भरतो तेव्हा तोही नातेवाईक नसतो. अशा सर्वांकडून वर्षभरात मिळून 50 हजारांपेक्षा जास्त आले तर पूर्ण रक्कम त्या मुलीचे उत्पन्न धरली जाते. तिचे एकूण उत्पन्न करमर्यादेच्या आत असेल तर प्रत्यक्ष कर येणारही नाही, पण हिशेब ठेवावा. सोपा उपाय म्हणजे फी थेट कॉलेजच्या खात्यात भरणे आणि पावती जपणे.

उलट दिशेचा प्रवासही असतो. राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थी जातात. पहिला हप्ता हातात पडेपर्यंत घरातून पैसे पाठवावे लागतात. निवासी माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. त्यासाठी पॅन आणि ए-2 अर्ज लागतो. 1 एप्रिल 2025 पासून वर्षाला दहा लाख रुपयांपर्यंतच्या रकमेवर टीसीएस कापला जात नाही. त्यावरचे दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, तेव्हा त्या वर्षीचा दर बँकेत विचारूनच पाठवा. कापलेला टीसीएस रिटर्न भरून परत मिळतो. 1920 साली बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले तेव्हा सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली बचत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज घेऊन निघाले होते. तिथे त्यांनी प्रबंध लिहिला तो रुपयाच्या प्रश्नावर, 1923 साली तो ग्रंथरूपाने आला. विनिमयदराचा विषय आपल्याला परका नाही.

विहाराची देणगी

आता मुख्य गोष्ट. परदेशी देणगी नियमन कायदा, एफसीआरए, 2010 चा आहे आणि 2020 मध्ये तो आणखी कडक झाला. त्यात पैसा कोणत्या देशातून आला यापेक्षा देणारा कोण हे महत्त्वाचे आहे.

देणाऱ्याकडे भारतीय पासपोर्ट असेल, पैसा त्याच्या स्वतःच्या बचतीतला असेल आणि नेहमीच्या बँक मार्गाने आला असेल, तर ती परदेशी देणगी नाही. विहाराचा ट्रस्ट ती आपल्या साध्या खात्यात घेऊ शकतो. पासपोर्टची प्रत फायलीला लावावी. सर्वांत स्वच्छ मार्ग म्हणजे दात्याने आधी आपल्या एनआरई खात्यात पैसे आणावेत आणि तिथून ट्रस्टला रुपयांत पाठवावेत.

तोच दादा पुढे अमेरिकेचा किंवा ऑस्ट्रेलियाचा नागरिक झाला, की तो कायद्याने परदेशी स्रोत होतो. ओसीआय कार्ड असले तरी फरक पडत नाही. त्याने गावी येऊन धम्मचक्र प्रवर्तन दिनी रुपयांत देणगी दिली तरी ती परदेशी देणगीच. आणखी एक चूक फार होते : परदेशात नोंदलेल्या आपल्या संघटनेने, सगळे सदस्य भारतीय नागरिक असले तरी, संघटनेच्या खात्यातून पैसे पाठवले तर तीही परदेशी देणगी ठरते.

वस्तूही यात येतात. थायलंडच्या उपासकांनी विहाराला दिलेली बुद्धमूर्ती ही देणगीच आहे. वैयक्तिक वापराच्या एक लाखापर्यंतच्या भेटवस्तूला सूट आहे, पण विहारातली मूर्ती वैयक्तिक वापरात मोडत नाही. विदर्भात अशा मूर्ती श्रद्धेने आणल्या जातात, मिरवणूक निघते, फोटो छापून येतात. कागद मात्र कुणी पाहत नाही.

नोंदणीशिवाय परदेशी देणगी घेणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकते. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत तिने कामावर 15 लाख रुपये खर्च केलेले हवेत. आपल्या बहुतेक गावविहारांना हे जमणारे नाही. ठरावीक दात्याकडून ठरावीक कामासाठी पूर्वपरवानगी मागण्याचा पर्याय कायद्यात आहे, तो वापरावा. पैसे घ्यायचे खाते स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या संसद मार्गावरील मुख्य शाखेतच उघडावे लागते. नोंदणी असलेल्या मोठ्या संस्थेने घेऊन आपल्याला द्यावी, ही जुनी वाटही 2020 पासून बंद आहे.

मग कार्यकर्ता म्हणतो, ‘माझ्या वैयक्तिक गुगल पे वर टाका, मी विहाराला देतो.’ हे करू नका. परदेशी नागरिक असलेल्या सख्ख्या भावाने तुम्हाला घरखर्चाला पाठवणे वेगळे. ते चालते, फक्त वर्षात दहा लाखांवर गेले तर तीन महिन्यांत गृह मंत्रालयाला कळवायचे असते. विहारासाठी गोळा केलेला पैसा एका कार्यकर्त्याच्या खात्यातून फिरला की कायदा एकीकडे, आयकर दुसरीकडे आणि गावातला संशय तिसरीकडे उभा राहतो.

परदेशी नागरिक झालेल्या आपल्या माणसाला गावासाठी काही करायचेच असेल, तर भारतीय पासपोर्ट असलेली त्याची पत्नी किंवा भाऊ स्वतःच्या कमाईतून देऊ शकतात. त्याचे पैसे त्यांच्या नावाने फिरवून मात्र चालणार नाही. समितीने पावती पुस्तकात दात्याच्या नावापुढे ‘नागरिकत्व’ असा एक रकाना वाढवावा आणि परदेशातून रक्कम येण्यापूर्वीच तो भरून घ्यावा. रक्कम आल्यावर बँकेकडून परकीय रकमेचा सूचनापत्र-कागद मागावा आणि त्यावरचा उद्देश कोड पाहावा. घरखर्चाचा कोड पी1301, वैयक्तिक भेटीचा पी1302, धर्मादाय संस्थेच्या देणगीचा पी1303. ट्रस्टच्या खात्यात घरखर्चाच्या कोडने रक्कम आलेली दिसली तर ती खर्च करण्याआधी बँकेला लेखी कळवून दुरुस्ती करून घ्यावी.