विचारपूर्वक सॉफ्टवेअर प्रोजेक्ट कसा बनवायचा? मराठी सर्चचं एक उदाहरण

मी कॉम्प्युटर सायन्सचा विद्यार्थी आहे. प्रोजेक्ट म्हटलं की आपण आधी फीचर्स मोजतो : लॉगिन, डार्क मोड, नोटिफिकेशन. मी मात्र कोड लिहिण्याआधी एक वाक्य लिहितो : हे कोण वापरणार आणि त्याचं कोणतं काम होणार? सध्या मी वाचनालयासाठी एक छोटं अँड्रॉइड ॲप बनवतोय. त्याचं वाक्य असं : 'पुस्तक आहे की नाही, हे वाचकाला नेट नसतानाही कळलं पाहिजे.' बाकीचे निर्णय यावरूनच ठरतात.

१. साधं तंत्रज्ञान निवडा
नेट नको, म्हणजे सर्व्हरही नको. पुस्तकांची यादी फोनमध्येच एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये ठेवायची. तो अँड्रॉइडमध्ये आधीपासूनच असतो.

२. मराठी नीट तपासा
खरी गोम इथेच आहे. आपल्याला सारखी दिसणारी अक्षरं फोनसाठी वेगळी असू शकतात. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. पण 'अ' टाइप करून त्यावर अर्धचंद्र दिला तरी ते जवळपास तसंच दिसतं. 'ऱ' सुद्धा एका कोडने लिहिता येतो किंवा 'र' आणि नुक्ता जोडून. यादीत एक पद्धत आणि सर्चमध्ये दुसरी असेल तर पुस्तक कपाटात असूनही ॲप 'सापडलं नाही' म्हणतं, आणि वाचक हात हलवत परत जातो.

यावर उपाय म्हणजे नॉर्मलायझेशन, म्हणजे सगळी रूपं एकसारखी करून घेणं. युनिकोडची 'एनएफसी' पद्धत 'ऱ'चा प्रश्न सोडवते. पेमेंटचं एनएफसी वेगळं बरं का! 'ॲ'ची दोन रूपं मात्र ती एक करत नाही, तो नियम आपणच लिहायचा. यादीतली नावं आणि सर्चचा शब्द, दोन्हींवर हेच नियम लावायचे. स्क्रीनवर मात्र नाव मूळ स्वरूपातच दाखवायचं.

३. लागेल तेवढीच माहिती घ्या
पुस्तक शोधायला मोबाइल नंबर कशाला हवा? अँड्रॉइडमध्ये मॅनिफेस्ट फाइलमध्ये इंटरनेटची परमिशन लिहिली नाही, तर ॲप स्वतः नेटशी जोडूच शकत नाही. कोण काय वाचतंय, हे त्या ॲपमधून थेट कुठे पाठवलं जात नाही.

४. दुसऱ्याच्या हातात द्या
फोन द्या आणि गप्प बसा! बोट कुठे अडतं ते बघा. स्वस्त फोन, मोठा फॉन्ट आणि वेगवेगळे मराठी कीबोर्ड, सगळ्यांवर तपासा.

५. मर्यादा लिहून ठेवा
प्रोजेक्टच्या रीडमी फाइलमध्ये ॲप काय करतं याच्यासोबत काय करत नाही हेही लिहा. पुढे काम करणाऱ्याचे कित्येक तास वाचतात.

तुमचा प्रोजेक्ट कोणताही असो, आज त्याच्या सर्चमध्ये 'ॲ' दोन्ही पद्धतींनी टाइप करून बघा. उत्तर वेगळं आलं, तर पुढचं काम कोणतं ते समजलंच!