पायताणाची वाट

कोयनेचा भूकंप झाला त्या साली मी सहावीत होतो. डिसेंबर १९६७. पहाटे जमीन हलली, गोठ्यातली जनावरं दावी तोडायला लागली आणि सगळं गाव घोंगड्या गुंडाळून बाहेर आलं. मी गारठ्यात अनवाणी उभा होतो. आज्याचं लक्ष माझ्या पायांकडं गेलं. "पोराच्या पायात काय न्हाई," तो म्हणाला. त्या धांदलीत एवढंच त्याला कसं सुचलं, देव जाणे. पण चारच दिवसांनी चांभारवाड्याला निरोप गेला, धाकट्याचं माप घेऊन जा.

आमचं गाव पंचगंगेच्या काठचं. काळी जमीन, ऊस, गुऱ्हाळं. गावात चर्मकारांची तीन घरं होती. आमच्या घराचं काम ज्यांच्याकडं होतं त्या म्हाताऱ्याला त्यांची नातवंडं तात्या म्हणत. त्यातला एक नातू माझ्या वर्गात होता, म्हणून मीही तात्याच म्हणायचो. आमच्या घरात मात्र त्यांना नावानं आणि 'अरे-तुरे'नं हाक जायची. आज्यापेक्षा ते पाच-सहा वर्षांनी तरी मोठे असतील. तरी आजा म्हणायचा, "काय रं, कवा देतूस?" आणि ते म्हणायचे, "देतो की मालक."

माप घ्यायला ते आले, अंगणात पायरीखाली बसले. माझ्या वहीचा मधला जोडकागद फाडून खाली अंथरला. म्हणाले, "ह्येच्यावर उभं ऱ्हावा, धाकलं मालक. हलू नगा." मग चुलीतल्या कोळशाच्या तुकड्यानं माझ्या पावलाभोवती रेघ ओढली. ओढताना त्यांची करंगळी माझ्या घोट्याला लागली. ते गेल्यावर आजीनं मला न्हाणीत नेऊन पायावर तांब्याभर पाणी ओतलं. तात्या अजून फाटकापर्यंतही पोचले नव्हते. त्यांनी मागं वळून बघितलं, आणि गेले.

"कवा मिळंल?" मी ओरडून विचारलं होतं.

"जोतिबाच्या जत्रंला घालून जाशीला," ते म्हणाले.

जत्रा चैत्र पौर्णिमेला. म्हणजे चार महिने. एका जोडाला चार महिने का लागावेत, हे मला कळेना. म्हणून शाळा सुटली की मी चांभारवाड्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहायचो. आत जायला घरून बंदी होती. पण लिंबाच्या झाडाखालून सगळं दिसायचं.

त्या चार महिन्यांत मी जे बघितलं ते पुढं कुठल्या पुस्तकात मला तसं वाचायला मिळालं नाही. जनावर मेलं की ते ओढून न्यायचं एकानं, कातडं कमवायचं दुसऱ्यानं आणि शिवायचं तिसऱ्यानं, अशी गावगाड्यात वाटणी होती. पहिलं काम महारांच्या माथी, दुसरं ढोरांच्या, तिसरं चांभारांच्या. कच्चं कातडं आधी चुन्याच्या पाण्यात भिजत पडायचं. केस सुटले की ते रापीनं खरवडायचे. मग कातड्याचीच पिशवी शिवून तिच्यात बाभळीची साल आणि हिरडा भरायचा, वर पाणी ओतायचं आणि ती पिशवी तिकाटण्याला टांगून ठेवायची. थेंब थेंब पाणी खाली गळायचं. तेच पाणी पुन्हा वर ओतायचं. पांढरट कातडं हळूहळू मधाच्या रंगाचं व्हायचं. वास असा, की नवखा माणूस नाक धरूनच उभा राहील. त्या कामाला घाई चालत नाही. साल आपल्या वेळेनंच उतरते. शेजारच्या गावच्या ढोरांकडून तसं कमावलेलं कातडं आलं, की तात्यांचं काम सुरू व्हायचं.

तरीसुद्धा माझा नंबर लागेना, कारण आधी मोटा होत्या.

आजच्या पोरांना मोट सांगावी लागते. विहिरीतून पाणी काढायची ती कातड्याची भली थोरली पिशवी. तोंडाला लोखंडी कडं, खाली सोंड. नाडा वरच्या कड्याला, सोंदूर सोंडेला. बैल धावेवरून उतरले की मोट वर यायची आणि सोंडेतून पाणी थारोळ्यात पडायचं. गावचा सगळा बागायती मळा त्या कातड्याच्या टाक्यांवर उभा होता. मोट फाटली की पाणी थांबलं, आणि पाणी थांबलं की ऊस वाळला. म्हणून चांभाराच्या दारात मोटेचा मान पहिला. त्यामागून बैलांच्या जुपण्या, चाबकाच्या वाद्या, घुंगरांचे पट्टे, थोरांची पायताणं. सगळ्यात शेवटी पोरांची.

त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' १९१५ साली छापलं गेलं. ते मी कॉलेजात असताना वाचलं. बलुतेदारांच्या थोरली, मधली, धाकटी अशा ओळी असत, आणि थोरल्या ओळीला बलुत्याचा वाटा जास्त. ही यादी मुलखागणिक बदलते, पण महार, सुतार, लोहार आणि चांभार हे बहुतेक ठिकाणी थोरल्या ओळीत येतात. म्हणजे ज्यांच्यावाचून शेती चालायची नाही, ते पहिल्या ओळीत. वाचताना मला आमचं खळं आठवलं. सुगीत खळ्यावर तात्या यायचे तेव्हा हिशेबात त्यांचा वाटा पहिल्या ओळीचा असायचा आणि बसायची जागा सगळ्यांत शेवटची. सुपातला जोंधळा त्यांच्या धोतराच्या ओच्यात वरून टाकायचा. सूप त्यांच्या हातात द्यायचं नाही.

त्या वर्षी मात्र मोटांची कामं कमी आली. गावात तीन विहिरींवर इंजिनं बसली होती आणि वीजही शिवारात यायला लागली होती. मला त्याचा आनंद झाला, माझा नंबर लवकर लागेल म्हणून. एकदा लिंबाखालून मीच ओरडून म्हणालो, "तात्या, आता मोटा न्हाईत, माझं करा की!"

तात्यांनी आरी खाली ठेवली. "व्हय," म्हणाले, "आता तुमचंच करायचं."

त्या 'व्हय'मध्ये काय होतं ते कळायला मला पुष्कळ वर्षं लागली. एका मोटेच्या कामावर त्यांचं घर कितीतरी दिवस निघायचं. इंजिनाला कातडं लागत नाही. पाच-सात वर्षांत आमच्या शिवारातली शेवटची मोट थांबली. मोटेसोबत बलुतंही आटलं. "आता तुझं काय काम असतंय?" असं म्हणून लोक खळ्यावर हात आखडायला लागले. पायताणाचं म्हणावं, तर रबरी आणि कारखान्याच्या चपला तोवर आठवडी बाजारात आल्याच होत्या. त्या घ्यायला ना माप लागायचं, ना वाट बघायला लागायची.

फाल्गुनात एकदाचा माझा कागद भिंतीच्या फटीतून बाहेर निघाला. तळाला म्हशीचं जाड कातडं, वरच्या पट्ट्याला मऊ. दगडावर कातडं ठोकून ठोकून त्यांनी ते सपाट केलं. माझ्या पावलाच्या रेघेबाहेर बोटभर जागा सोडून रापी फिरवली. "पाय वाढतोय, पायताण वाढत न्हाई," असं स्वतःशीच म्हणाले. खिळा एकही नाही. सगळी शिवण कातड्याच्याच बारीक वादीची, ती पाण्यात भिजवून ओढायची. पट्टा, कान, अंगठा. वेणी त्यांच्या घरातल्या बायका घालायच्या. मी तिथं उभा असलो की वर्गातला माझा मित्र, त्यांचा नातू, माझ्याकडं बघायचा नाही. शाळेत आम्ही एका पाटावर बसायचो. इथं तो वाद्या भिजवत खाली मान घालून असायचा आणि मी लिंबाखाली उभा असायचो.

जत्रेच्या दोन दिवस आधी तात्या पायताण घेऊन आले. पायरीवर ठेवलं आणि चार पावलं मागं सरले. मधाच्या रंगाचं, पुढं छोटा गोंडा. मी पाय घातले. घातल्या घातल्या अंगठ्याला चावलं.

"चार दिस चावल," ते म्हणाले. "एरंडेल लावा. मग त्ये पायाला वळकील."

तेवढ्यात माझी नजर त्यांच्या पायांकडं गेली. अनवाणी. टाचांना भेगा. मला हसू आलं. मी म्हटलं, "तात्या, तुम्हीच पायताण करता आनि तुमच्याच पायात न्हाई!"

आजा हसला. तात्याही हसले. काही बोलले नाहीत. वळले आणि गेले.

सासनकाठीबरोबर आम्ही जोतिबाला चालत गेलो. चैत्राचं ऊन. दोन्ही अंगठ्यांना फोड आले, पण मी पायताण काढलं नाही. डोंगराच्या पायथ्याशी मात्र आज्यानं आपलं पायताण काढून हातात घेतलं. मलाही काढायला लावलं. "हितनं फुडं देवाची हद्द," तो म्हणाला. गुलालात, 'चांगभलं'च्या गजरात आम्ही अनवाणी वर गेलो. तापलेल्या दगडांनी तळवे भाजत होते आणि त्यातही एक आनंद होता. आपण होऊन काढलेल्या पायताणाचा तो आनंद होता.

तात्या १९७२च्या दुष्काळानंतर फार दिवस राहिले नाहीत. त्यांचा नातू शिकला, बँकेत लागला, साहेब होऊन निवृत्त झाला. मध्ये कितीतरी वर्षं आमची गाठ नव्हती. पाच-सहा वर्षांपूर्वी कोल्हापुरात एका लग्नात भेटला. जेवण झाल्यावर आम्ही बाहेर खुर्च्या टाकून बसलो. बोलता बोलता मी ती जुनी गंमत सांगितली, तात्यांच्या अनवाणी पायांची.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तुला खरंच माहीत नव्हतं? आमच्या आज्याकडं पायताण होतं. चांगलं, त्यानं स्वतः केलेलं. वाड्यातनं निघताना तो घालायचा. तुमच्या गल्लीचं तोंड आलं की काढायचा आणि लिंबाच्या बुंध्याशी ठेवायचा. परत जाताना घालायचा. तू ज्या झाडाखाली उभा असायचास ना, तिथंच."

मी त्या झाडाखाली चार महिने रोज उभा राहिलो होतो. माझ्या पायाशी एक जोड असेल तर तो मला दिसायला हवा होता. कदाचित दिसलाही असेल. कुणाचा, हे विचारावंसं वाटलं नसेल.

आमच्या गावापासून माणगाव फार लांब नाही. १९२०च्या मार्चमध्ये तिथं परिषद झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते आणि शाहू महाराज स्वतः आले होते. तिला सत्तेचाळीस वर्षं होऊन गेल्यावरही, घटना लागू होऊन सतरा वर्षं झाल्यावरही, एक म्हातारा कारागीर आमच्या गल्लीच्या तोंडाशी पायताण काढत होता. तसा फलक कुणी लावला नव्हता. आज्यानं कधी त्यांना तसं सांगितल्याचंही मला आठवत नाही. सांगायची गरजच नव्हती, हेच त्यातलं खरं. डोंगराच्या पायथ्याशी आजा म्हणाला होता, इथून पुढं देवाची हद्द. आमच्या गल्लीत कुठला देव होता?

२०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांच्या कारागिरांचा तो हक्क. २०२५च्या जूनमध्ये इटलीतल्या प्राडा कंपनीनं मिलानच्या मंचावर तसल्याच चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, म्हणून मोठा गदारोळ झाला. मग कंपनीला मूळ कबूल करावं लागलं. आमच्या गावातही लोक चिडले. "आमची चप्पल चोरली," म्हणाले. मीही म्हणालो असतो. पण 'आमची' हा शब्द तोंडाशी आला आणि अडला.

गेल्या दिवाळीनंतर मी कोल्हापुरात सुभाषनगरला गेलो. एका कारागिराच्या घरी बसून माप दिलं. घरातच, सतरंजीवर, चहा घेऊन. त्यानं माझ्या पायाखाली कागद ठेवला आणि पेननं रेघ ओढली. म्हातारपणी पाय सुजतात, म्हणून त्यानं पाऊल हातात धरून नीट बघितलं, अंगठ्याजवळचं हाड चाचपलं. म्हणाला, "काका, कातडं चांगलं मिळना झालंय. महिना लागंल. घाई असली तर दुकानात तयार हायत."

"घाई नाही," मी म्हटलं.

पैसे किती, ते त्यानं सांगितलं. मी घासाघीस केली नाही. पुढं केलेली आगाऊ रक्कम त्यानं माझ्या हातातून हातात घेतली, मोजली आणि खिशात ठेवली. माझ्या मित्राला मी त्याच रात्री फोन केला. पायताण करायला टाकलंय म्हणून सांगितलं.

"चावल चार दिवस," तो म्हणाला.

"चावू दे," मी म्हटलं.