सालेमचा ऑक्टोबर

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, बोस्टनच्या उत्तरेला समुद्रकाठी सालेम नावाचे शहर आहे. (तमिळनाडूतले सेलम वेगळे.) वस्ती साधारण ४४,०००, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. ऑक्टोबरात मात्र तिथे दहा लाखांहून अधिक माणसे येऊन जातात. बोस्टनहून रेल्वेने अर्ध्या तासाची वाट, नाहीतर फेरीबोट. मेपलची पाने लाल झालेली, दारोदारी कोरलेले लाल भोपळे, डोक्यावर टोकदार काळ्या टोप्या. शहराच्या पोलिसांच्या गाड्यांवरसुद्धा झाडूवर बसलेल्या चेटकिणीचे चित्र असते आणि तिथल्या हायस्कूलच्या संघाचे नावच 'विचेस' आहे.

बोस्टनला नोकरी करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने हॅलोविनच्या सुमारास तिथले फोटो पाठवले आणि विचारले, "सर, हे सगळं खरंच इथे घडलं होतं का?" घडले होते, पण त्यात चेटूक नव्हते.

आधी नावाविषयी. मूळ रहिवाशांचे हे नॉमकीग. इंग्रज वसाहतवाल्यांनी १६२९ मध्ये त्याला बायबलमधले नाव दिले, सालेम. शालोम, सलाम, इस्लाम, सलामत हे सगळे त्याच कुळातले शब्द. उर्दूच्या तासाला मी सीन-लाम-मीम ही तीन अक्षरे फळ्यावर लिहितो तेव्हा मुले सलीम, मुस्लिम, सलामती असे शब्द जमवत जातात. शांततेच्या नावाचे हे गाव जगाला मात्र ठाऊक झाले ते १६९२ सालामुळे.

त्या वर्षी हिवाळ्यात सालेम व्हिलेज (आजचे डॅनव्हर्स) इथल्या पाद्री सॅम्युअल पॅरिसच्या घरातल्या मुलींना झटके येऊ लागले. औषधाने गुण येईना, तेव्हा कोणीतरी करणी केली असे ठरले. पहिली नावे आली तीन बायकांची. तितुबा पॅरिसच्या घरातली गुलाम होती. सारा गुड दारोदार मागून खाणारी आणि सारा ऑसबोर्न आजारी, चर्चला न येणारी. गावात ज्यांच्या बाजूने बोलायला कोणी नव्हते अशाच या तिघी. पुढे आरोपांची लाट शेजारच्या गावांत पसरली आणि दीडशेहून अधिक माणसे तुरुंगात गेली. सारा गुडची मुलगी चार-पाच वर्षांची होती, तिलाही बेड्या घातल्या. एकोणीस जणांना फाशी दिली. जाइल्स कोरी नावाच्या ऐंशीच्या घरातल्या शेतकऱ्याने आरोपाला उत्तर द्यायचेच नाकारले, म्हणून त्याच्या अंगावर दगड रचत रचत त्याला मारले. किमान पाच जण कोठडीत गेले. जाळले मात्र कोणालाच नव्हते. ती समजूत युरोपातल्या कहाण्यांवरून आली.

पुरावा कसला होता, हे मुलांना सांगावे असे आहे. तक्रार करणारी मुलगी म्हणे की, अमुक बाईची छाया रात्री येऊन मला चिमटे काढते. ती बाई त्या रात्री आपल्या घरी झोपलेली होती हे सिद्ध करूनही उपयोग नव्हता, कारण छाया तर कुठेही जाऊ शकते! अशा पुराव्याला खोडून काढण्याची सोयच नसते. त्यातून सुटण्याचा एकच मार्ग होता, कबुली देणे. 'होय, मी चेटकीण आहे' असे म्हणून आणखी चार नावे सांगितली की जीव वाचायचा. तितुबाने कबुली दिली आणि ती जगली. फासावर गेले ते खोटी कबुली द्यायला तयार नसलेले लोक. आज ज्या टोपीत पर्यटक सेल्फी काढतात, ती टोपी आपली नाही एवढेच सांगत ही माणसे मेली.

शेवटच्या फाशी २२ सप्टेंबरच्या. ऑक्टोबरात गव्हर्नर विल्यम फिप्सने ते न्यायालयच बंद केले. म्हणजे ज्या महिन्यात आज जत्रा भरते तो हा प्रकार थांबल्याचा महिना. हॅलोविनशी तर त्याचा काहीच संबंध नव्हता. प्युरिटन लोक सणावारांचे इतके वैरी की, या वसाहतीत १६५९ ते १६८१ या काळात नाताळ साजरा केल्याबद्दल पाच शिलिंग दंड होता. हॅलोविन अमेरिकेत रुजला तो पुढे, १८४५ नंतरच्या दुष्काळात आलेल्या आयरिश लोकांमुळे. आणि सालेममध्ये त्याचा बाजार झाला तो अगदी काल-परवा. १९१४ च्या आगीत शहराच्या तेराशेवर इमारती जळाल्या, पुढे कारखानदारीही ओसरली. १९७० मध्ये 'बीविच्ड' या चेटकिणीच्या विनोदी टीव्ही मालिकेचे काही भाग इथे चित्रित झाले, लोक यायला लागले. १९८२ मध्ये 'हाँटेड हॅपनिंग्ज' हा उत्सव एका शनिवार-रविवारपुरता सुरू झाला, तो आता महिनाभर चालतो.

सहलीला जाणाऱ्यांसाठी खाण्याचेही सांगतो. शरदातली खरी चीज म्हणजे सफरचंदाचा गढूळ रस आणि तो घालून केलेले डोनट. अमेरिकेत 'सायडर' म्हणजे हा साधा रस, पण 'हार्ड सायडर' म्हणजे दारू, तेव्हा शब्द नीट ऐकावा. समुद्रकाठच्या सालेम विलोज या बागेत चॉप सुई भरलेला पाव मिळतो, हा प्रकार त्या भागातला खास. बाकी शेवंड आणि तिसऱ्या. तिसऱ्यांचे दुधाळ सूप, चावडर, खूप नावाजलेले आहे, पण त्यात बहुधा डुकराची चरबी किंवा बेकन असते, म्हणून आधी विचारावे. तळलेल्या तिसऱ्यांवर मात्र घराघरात मतभेद होतील. आम्ही हनफी मंडळी शिंपल्यांकडे पाहून हात आखडता घेतो. रत्नागिरीचे कोकणी मुसलमान शाफई, त्यांना समुद्रातले सगळे चालते. माझ्या एका कोकणी सहकाऱ्याच्या डब्यात तिसऱ्यांचे सुके असले की ही चर्चा दरवेळी नव्याने होते.

शाफई म्हटले की सालेमच्या मुद्रेवरचा माणूस आठवतो. १८३९ मध्ये स्वीकारलेल्या शहराच्या अधिकृत मुद्रेवर चेटकीण नाही. तिथे ताडामाडांच्या पार्श्वभूमीवर, लांब अंगरखा घातलेला, हातात छत्री धरलेला एक माणूस उभा आहे. तो सुमात्रा बेटावरच्या आचेहचा. आचेहचे लोक मुसलमान, आणि तेही शाफई. खाली लॅटिनमध्ये घोषवाक्य आहे, त्याचा आशय 'समृद्ध पूर्वेच्या अगदी शेवटच्या बंदरापर्यंत'. सालेमचे वैभव मिऱ्यांवर उभे राहिले. कप्तान जोनाथन कार्न्सचे 'राजा' नावाचे जहाज १७९७ मध्ये सुमात्राहून मिरे भरून परतले, तेव्हा सातशे टक्के नफा झाला असे सांगतात. त्यानंतर जहाजांची रीघ लागली. (गावात १८०६ पासूनचे मिठाईचे दुकान आहे, 'ये ओल्ड पेपर कँडी कंपनी'. त्या नावातले पेपर म्हणजे मिरे नव्हेत, ते दुकान विकत घेणाऱ्याचे आडनाव.)

हा व्यापार नेहमीच सलोख्याचा नव्हता. मापात लबाडी झाल्याच्या तक्रारी होत्या. १८३१ मध्ये आचेहच्या क्वाला बातू इथे 'फ्रेंडशिप' या सालेमच्या जहाजावर हल्ला झाला, तीन खलाशी मारले गेले. पो आदम नावाच्या स्थानिक सरदाराने कप्तानाला वाचवले. वर्षभराने राष्ट्राध्यक्ष जॅक्सनच्या सरकारने पाठवलेल्या 'पोटोमॅक' या युद्धनौकेने गाव उद्ध्वस्त केले, शंभराहून अधिक माणसे मेली, त्यात बायकाही होत्या. त्यानंतर सात-आठ वर्षांतच आचेहचा माणूस शहराच्या मुद्रेवर आला. सन्मान की ताबेदारीची खूण? ही मुद्रा बदलावी का यावर अलीकडे तिथे बराच वाद झाला आहे. माझे मत विचाराल तर ती राहावी, पण तिच्याखाली क्वाला बातूची हकिगतही लिहावी.

केप ऑफ गुड होप किंवा केप हॉर्न ओलांडून आलेल्या कप्तानांनी १७९९ मध्ये ईस्ट इंडिया मरीन सोसायटी काढली आणि परदेशातून आणलेल्या वस्तूंचे संग्रहालय केले. आजचे पीबॉडी एसेक्स म्युझियम त्यातूनच वाढले. तिथे मुंबईचे पारशी व्यापारी नसरवानजी माणेकजी वाडिया यांचे चित्र आहे. अमेरिकी कप्तानांचा मुंबईतला व्यवहार ते पाहत. पंढरपूरला जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांची महाभारतावरची चित्रेही याच संग्रहालयात आहेत. हर्विट्झ दांपत्याच्या संग्रहातून ती तिथे पोचली आणि २००६ मध्ये त्यांचे मोठे प्रदर्शन भरले. बोस्टनच्या त्या विद्यार्थ्याला मी कळवले की, टोप्यांची रांग सोडून आधी हे पाहा.

आणि मग जुन्या दफनभूमीशेजारचे स्मारक. तीनशे वर्षे झाल्यावर, १९९२ मध्ये ते उभारले. दगडी भिंतीतून बाहेर आलेले वीस बाक, प्रत्येकावर एक नाव आणि मृत्यूचा दिनांक. प्रवेशाच्या फरशीवर त्या माणसांनी आपण निर्दोष असल्याचे सांगितलेले शब्द कोरले आहेत, आणि भिंतीपाशी ते मध्येच तुटतात.

१७११ मध्ये वसाहतीने बऱ्याच जणांचे दोष रद्द करून वारसांना भरपाई दिली. उरलेली नावे पुढे तुकड्या-तुकड्याने सुटत गेली. एलिझाबेथ जॉन्सन मात्र राहिली. १६९३ च्या सुरुवातीला तिला फाशीची शिक्षा झाली होती, ती अमलात आली नाही. तिला मूलबाळ नव्हते, त्यामुळे तिच्यासाठी अर्ज करणारे वंशज नव्हते. नॉर्थ अँडोव्हरच्या एका शाळेतल्या आठवीच्या वर्गाने नागरिकशास्त्राच्या तासाला तिचे नाव शोधले, कागद जमवले, आमदारांना पत्रे लिहिली. जुलै २०२२ मध्ये राज्याच्या कायद्याने तिला निर्दोष ठरवले. तोवर पत्रे लिहिणाऱ्यांपैकी बरीच मुले हायस्कूलला गेली होती.