पाटीवर जर्मनी, मूळ व्हेनेझुएलाचं



घरात शाळकरी मूल असेल, तर "आपण फिश टँक घेऊ या ना!" हा हट्ट तुमच्याकडेही झालाच असेल. कुत्रा नको, मांजर नको, निदान मासे तरी, अशी तडजोड होते आणि शनिवारी सगळं कुटुंब दुकानात पोचतं. तिथे निळ्या ठिपक्यांचा, पिवळसर तोंडाचा, डोळ्यावरून काळी रेघ गेलेला, बोटाएवढा मासा लक्ष वेधून घेतो. पाटीवर नाव असतं 'जर्मन ब्लू रॅम'. आज या नावामागचा इतिहास सांगतो. तो माहीत नसल्याची किंमत आमच्या घराने मोजली आहे.

हा मासा सिक्लिड कुळातला. या कुळातले बरेच मासे भांडखोर म्हणून ओळखले जातात, पण हा लहानखुरा आणि शांत आहे. जर्मनीतल्या नदीत तो कधीच नव्हता. त्याचं मूळ गाव म्हणजे व्हेनेझुएला आणि कोलंबियामधली ओरिनोको नदीच्या खोऱ्यातली गवताळ मैदानं, ज्यांना तिथे 'यानोस' म्हणतात. १९४७ च्या सुमारास मॅन्युएल रामिरेझ आणि हर्मन ब्लास यांनी तो तिथून पकडून शौकिनांच्या बाजारात आणला. १९४८ मध्ये मायर्स आणि हॅरी या अमेरिकी अभ्यासकांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि रामिरेझ यांच्यावरून त्याला 'रामिरेझी' हे नाव दिलं. 'रॅम' हे त्याचंच लघुरूप, मेंढ्याशी त्याचा काही संबंध नाही! पुढे जर्मनीतल्या पैदासकारांनी त्याची सुंदर वाणं जोपासली, म्हणून पाटीवर जर्मनी आली. आज दुकानात दिसणारे बहुतेक रॅम नदीतले नसून मत्स्यशेतीत वाढलेले असतात.

पिढ्यान् पिढ्या टाकीत जन्मला, तरी त्याच्या शरीराच्या गरजा यानोसच्याच राहिल्या. तिथलं पाणी उबदार, मऊ आणि किंचित आम्ल. आमच्या भागातलं नळाचं पाणी जड. ऑफिसात क्लायंटला "आधी रिक्वायरमेंट नीट समजून घेऊ" असं रोज सांगणारा मी. पण त्या शनिवारी सकाळी टाकी भरली आणि संध्याकाळी त्यात रॅमची जोडी सोडली. आठवड्याभरात दोन्ही गेले. "बाबा, त्यांना आपलं घर आवडलं नाही का?" असं लेकीने विचारलं, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग वाचायला बसलो.

तुम्ही ही चूक करू नका. माशांशिवाय टाकी चार ते सहा आठवडे चालू ठेवा. माशांच्या विष्ठेतून तयार होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू तेवढ्या काळात फिल्टरमध्ये रुजतात. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्याची चाचणी करूनच मासे आणा. तापमान २७ ते ३० अंश सेल्सिअस ठेवा. तळाला बारीक वाळू घाला, कारण हा मासा वाळू तोंडात घेऊन अन्न चाळतो. झाडं आणि लपायला आडोसे हवेत. २० गॅलनच्या टाकीत एकच जोडी पुरे. सोबतीला कार्डिनल टेट्रांचा थवा चालतो. तेही ओरिनोको आणि रिओ नेग्रोच्या खोऱ्यांतले, उबेत रमणारे. अंडी घातल्यावर मात्र शांत रॅमही आपला कोपरा राखतो, तेव्हा बाकीच्यांना सरकायला जागा हवी.

वाचता वाचता एक गोष्ट कळली आणि मी थबकलो. सिक्लिड म्हणजे आफ्रिका आणि अमेरिकेचे मासे, असं मी समजत होतो. पण आपलं कालुंदर, ज्याला केरळात करीमीन म्हणतात, तेही सिक्लिडच! बर्लिनचे डॉक्टर मार्कस ब्लॉख यांनी १७९० मध्ये त्याचं वर्णन केलं आणि शास्त्रीय नावात सुरत आली: 'सुराटेन्सिस'. त्याचा धाकटा भाऊबंद म्हणजे दक्षिण भारत आणि श्रीलंकेतला ऑरेंज क्रोमाइड, केरळातला 'पल्लत्ती'. जेमतेम आठ सेंटिमीटरचा, बराच शांत. त्याची पिल्लं आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव खाऊन वाढतात. या दोघांचे सर्वांत जवळचे नातेवाईक सापडतात थेट मादागास्करात. ऑरेंज क्रोमाइड इथेही पाळला जातो. पण तो खाडीचा जीव, त्याला किंचित खारं पाणी मानवतं. रॅमबरोबर एका टाकीत त्याला ठेवू नका.

तेव्हा पुढच्या शनिवारी दुकानात गेलात, तर किंमत विचारण्याआधी विचारा, "हा मूळचा कुठला?" गाव कळलं की पाणी कळतं, आणि पाणी कळलं की मासा जगतो. आमच्या दुसऱ्या जोडीने गेल्या महिन्यात सपाट दगडावर अंडी घातली. लेकीने टाकीवर स्वतःच्या हाताने नवी पाटी चिकटवली आहे: 'व्हेनेझुएला'.