म्हातारा संगणक आणि दप्तरखान्यातला शिपाई

"हा आता म्हातारा झाला, नवीन घ्या." संगणकाबद्दल हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलंय. माणूस म्हातारा होतो म्हणजे काय ते कळतं. गुडघे कुरकुरतात, नजर अधू होते वगैरे. पण संगणक म्हातारा होतो म्हणजे त्याचं नक्की काय होतं? पंख्यात धूळ साचली नसेल तर प्रोसेसर दहा वर्षांपूर्वी सेकंदाला जितक्या बेरजा करायचा तितक्याच आजही करतो. मेमरीच्या पट्ट्यांनाही संधिवात होत नाही. मग बटण दाबल्यावर चहा करून, पिऊन, कप विसळून झाला तरी पडद्यावर ते चक्र गोल गोल का फिरत असतं?

याचं उत्तर बऱ्यापैकी जुनं आहे, थेट १९५६ सालातलं. पण आधी हा प्रश्न मला का पडला ते सांगतो.

नातेवाईक मंडळींना अण्णा (माझे चुलतकाका) आणि त्यांचा कुलवृत्तांत माहीत आहेच. इतरांसाठी थोडक्यात: अण्णांचं वय ८१. निवृत्त झाल्यापासून ते आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहितायत. कोणती शाखा कोकणातून घाटावर कधी आली, कोण दत्तक गेलं, कोणाच्या सासरचं आडनाव काय, अशा शेकडो नोंदी एका जुन्या मराठी फॉन्टात त्यांनी स्वतः टाइप केल्यात. संगणक २०१३ सालचा, पडद्याच्या पाठीतच सगळं यंत्र बसवलेलं असतं ना, तसला. गेल्या दोन वर्षांत तो इतका मंदावला की अण्णांनी टाइप करणंच सोडलं. फोनवर कोणी काही माहिती दिली की पाठकोऱ्या कागदावर लिहून ठेवायचे आणि तो कागद कुठल्यातरी पुस्तकात सरकवायचे. माहिती देणारी माणसंही त्यांच्याच वयाची. त्यातले दोघं याच वर्षात गेले. म्हणजे प्रश्न नुसत्या संगणकाचा नव्हता.

दुरुस्तीवाल्यानं बघितलं आणि वरचं वाक्य ऐकवलं. अण्णा मला म्हणाले, "अरे, मला नवा नकोय रे. हा आहे तोच जरा चालता कर." आता आली का पंचाईत!

तर १९५६. त्या वर्षी आयबीएमने रॅमॅक नावाचा संगणक बाजारात आणला. त्याच्यासोबत जगातली पहिली विक्रीची हार्ड डिस्क होती. दोन फ्रीज शेजारी शेजारी ठेवावेत एवढं तिचं धूड. आत दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक, मिनिटाला १२०० फेरे घेणाऱ्या. बाजूला एक यांत्रिक हात. हवी ती तबकडी येईपर्यंत तो वर-खाली सरकायचा, मग तबकड्यांच्या फटीत शिरायचा आणि हवी ती नोंद फिरत फिरत खाली येण्याची वाट बघायचा. एवढ्या सगळ्या खटाटोपात मावायची सुमारे ५० लाख अक्षरं, आणि एक नोंद हाती यायला सरासरी ६०० मिलिसेकंद लागायचे. पंचकार्डांच्या गठ्ठ्यात नोंद शोधणाऱ्यांना हा चमत्कारच वाटला असणार.

पुढचा इतिहास बहुतेकांना तुकड्यातुकड्यांत माहीत असेल. १९८० मध्ये सव्वापाच इंची, ५ एमबीची डिस्क आली. १९८३ च्या आयबीएम पीसी एक्सटीमध्ये १० एमबीची डिस्क होती. मग जीबी आले, मग टीबी. दर वेळी जाहिरातीत आकडा असायचा तो जागेचा. कोणी विचारायचं, "केवढ्याची आहे?" उत्तर यायचं, "पाचशे जीबी!" वाट किती बघावी लागते हे कोणी विचारायचं नाही, कोणी सांगायचंही नाही.

आता गंमत बघा. अण्णांच्या संगणकातली डिस्क ५०० जीबीची. रॅमॅकच्या तुलनेत जागा वाढली लाखपटीहून जास्त. आणि नोंद शोधण्याचा वेग? ही डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. सरासरी अर्धा फेरा थांबायचं, त्याआधी हात योग्य जागी सरकायचा. सगळं मिळून पंधरा-अठरा मिलिसेकंद. म्हणजे ६० वर्षांत सुधारणा किती, तर पस्तीस-चाळीस पट! यात इंजिनियरांचा काही दोष नाही. हात हा शेवटी हात आहे आणि तबकडी ही तबकडी. त्यांना वजन आहे, आणि वजनदार वस्तू हलवायला वेळ लागतो.

माझ्या डोळ्यांसमोर या बाबतीत नेहमी दप्तरखाना येतो. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागदांचे गठ्ठे कापडात बांधून ठेवलेले असतात, त्यांना रुमाल म्हणतात. समजा एक अभ्यासक तिथे बसलाय. मोडी घडाघडा वाचतो, पान हातात पडायचा अवकाश. पण रुमाल आणून देणारा शिपाई एकच, आणि एका वेळी एकच कागद आणतो. अभ्यासकानं कितीही वेगानं वाचलं तरी दिवसभरात काम होणार ते शिपायाच्या पायांच्या वेगानं. संगणकात प्रोसेसर हा अभ्यासक आणि डिस्कचा हात हा शिपाई. ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर एका खेपेच्या वेळात चार-पाच कोटी टिचक्या नुसता बसून घालवतो. संगणक सुरू होताना अशा हजारो खेपा होतात.

शिपाई पूर्वीही इतकाच हळू होता. मधल्या काळात कागदांची मागणी वाढली. नवे प्रोग्राम, त्यांचे अपडेट, अँटिव्हायरस, सगळेच शिपायाला एकाच वेळी हाका मारायला लागले. त्यात २०१० नंतर हळूहळू प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या स्वतःच्या टेबलावर शिपाई उरलाच नाही, त्यामुळे शिपायाच्या पायांचा विचार करायचं कारणही त्यांना उरलं नाही.

शिपाई गेला तो एका जपानी माणसामुळे. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश मेमरी जगापुढे मांडली, आणि आज आपण वापरतो तो नँड प्रकार १९८७ मध्ये. त्याचं मूळ अजून मागे, १९६७ मध्ये बेल लॅब्जमध्ये डॉन कांग आणि सायमन झी यांनी मांडलेल्या कल्पनेत. चारी बाजूंनी विद्युतरोधक थर असलेल्या इवल्याशा कप्प्यात इलेक्ट्रॉन कोंडायचे. वीज गेली तरी ते तिथेच राहतात. कोंडलेले आहेत की नाहीत, त्यावरून शून्य की एक ते कळतं. काही फिरत नाही, काही सरकत नाही. मासुओकांना मात्र त्यांच्या कंपनीकडून योग्य मोबदल्यासाठी २००४ मध्ये कोर्टात जावं लागलं आणि २००६ मध्ये ८.७ कोटी येनवर तडजोड झाली. ज्या शोधावर जगातले सगळे मोबाइल चालतात त्याची ही किंमत! असो.

१९९१ मध्ये सनडिस्कने (पुढे सॅनडिस्क) फ्लॅशची २० एमबीची ड्राइव्ह काढली, किंमत सुमारे १००० डॉलर. आपल्यासारख्यांच्या खिशाला ती परवडायला पुढची वीस-बावीस वर्षं गेली. आज साध्या एसएसडीलाही एक नोंद काढायला मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शाएवढाच वेळ लागतो. पंधरा-अठराच्या जागी ०.१!

मग अण्णांच्या संगणकात आतच एसएसडी का नाही बसवली? साध्या टॉवरच्या खोक्यात तसंच करावं, चार स्क्रूंचं काम. पण या बारीक अंगाच्या संगणकात आत शिरायचं तर काच सोडवावी लागते, आणि काच फुटली तर संपलंच. शिवाय आतल्या डिस्कवर कुलवृत्तांत. तिला हातच लावायचा नव्हता. मग बाहेरून, यूएसबीनं.

यूएसबीची कथाही छान आहे. पहिलं प्रमाण जानेवारी १९९६ चं, वेग १२ मेगाबिट. ते घडवणाऱ्या इंटेलच्या गटातले अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी, त्यामुळे आपल्या सयाजीराव गायकवाडांचं नावही या गोष्टीला जोडलं जातं. माउस आणि कीबोर्डसाठी निघालेली ही वायर २००० मध्ये ४८० मेगाबिटवर आणि २००८ च्या ३.० मध्ये ५ गिगाबिटवर पोचली. म्हणजे बाहेर टांगलेली ड्राइव्हसुद्धा आतल्या फिरत्या डिस्कपेक्षा वेगवान ठरेल, एवढा रस्ता रुंद झाला. अण्णांच्या संगणकाला मागे असे दोन निळे पोर्ट होते. (तुमच्याकडे निळा पोर्ट नसेल तरी निराश होऊ नका. यूएसबी २.० चा रस्ता अरुंद असला तरी लहान लहान नोंदी शोधण्यात शिपायाची खेप वाचतेच.)

प्रत्यक्ष काम एका दुपारचं. आधी कुलवृत्तांताच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी काढल्या. हे सगळ्यात पहिलं. २४० जीबीची एसएसडी आणि तिला यूएसबी ३.० चं कव्हर आणलं. विंडोज ७ ला सुरक्षेचे अपडेट देणं मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये थांबवलं, विंडोज १० चा नेहमीचा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि विंडोज ११ ला २०१३ चा प्रोसेसर चालत नाही. म्हणून लिनक्स मिंट. पेनड्राइव्हवरून ते एसएसडीवर टाकलं. बूट लोडर कुठे ठेवायचा असं विचारलं की तिथेही बाहेरचीच ड्राइव्ह निवडायची, नाहीतर तो आतल्या डिस्कवर जाऊन बसतो. मग बायॉसमध्ये जाऊन यूएसबीला पहिला नंबर दिला. एसएसडी काढली की जुनं विंडोज होतं तसं, त्याच्या त्याच्या गतीनं, सुरू होतं.

आता फॉन्ट. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण विंडोजमध्ये ती आली विंडोज २००० बरोबर, मंगल फॉन्ट घेऊन. एक्सपीवर मराठी दिसण्यासाठी कंट्रोल पॅनेलमध्ये एक खूण करावी लागायची आणि मग तो सीडी मागायचा, हे जुन्या ब्लॉगकरांना आठवत असेलच! त्याआधी प्रत्येक कंपनीचं आपलं वेगळं कोष्टक. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसवलेले. फॉन्ट नसेल तर अख्खा कुलवृत्तांत म्हणजे इंग्रजी अक्षरांचा कचरा. अण्णांचा फॉन्ट जुन्या विंडोजच्या फोल्डरमधून उचलून मिंटमध्ये ठेवला, लिबरऑफिसमध्ये फाइल उघडली, आणि पणजोबांचं नाव जसंच्या तसं समोर! कळा त्याच असल्यामुळे अण्णांच्या बोटांना नवीन काही शिकावं लागलं नाही. फक्त वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करण्याची सोय बंद करावी लागते, नाहीतर भलतंच अक्षर उमटतं. ऑल्ट दाबून आकड्यांनी काढायची काही जोडाक्षरंही तशी निघत नाहीत, ती इन्सर्ट मेनूतून घ्यावी लागतात. पुढेमागे सगळं युनिकोडमध्ये आणायचं आहेच.

सुरू व्हायला आता मिनिटभरही लागत नाही. खर्च नव्या संगणकाच्या दहाव्या हिश्शाहून कमी. मेमरी आहे तेवढीच, ४ जीबी. एका वेळी वीस टॅब उघडलेत तर तो धापा टाकणारच. एक इशाराही देऊन ठेवतो. फिरती डिस्क मरण्याआधी बऱ्याचदा कट-कट आवाज करून सांगते. एसएसडी काही न बोलता जाऊ शकते. वर ती बाहेर लटकतेय, झाडू मारताना वायर निघाली की काम अर्ध्यात थांबलं. ती पडद्याच्या पाठीला चिकटवून टाका आणि दर आठवड्याला प्रत काढा.

एखादी वस्तू म्हातारी ठरवताना आपण ती पूर्णच्या पूर्ण म्हातारी ठरवतो, एवढंच मला या सगळ्यात जाणवलं. इथे प्रोसेसर ठीक होता, पडदा ठीक होता, लिहिणारा माणूसही ठीक होता. अडलं होतं एका हाताच्या सरकण्यापाशी, आणि तो हात १९५६ पासून तसाच सरकतोय.

पाठकोऱ्या कागदांवरच्या नोंदी आता टाइप होतायत. आतापर्यंत पुस्तकांतून तेवीस कागद सापडले, दोन अजून शोधतोय. आणि हो, ज्या नातेवाईक मंडळींनी आपल्या शाखेची माहिती अजून पाठवलेली नाही त्यांनी अण्णांना फोन करावा. संध्याकाळी सहानंतर. आता संगणक मंद असल्याची सबब त्यांच्याकडेही नाही आणि तुमच्याकडेही!