अष्टग्रही आणि डोळ्यांची साक्ष

इ. स. २०२५ च्या जानेवारीत एका सायंकाळी पूर्णा नदीवरील सिद्धेश्वर धरणापाशी आम्ही उभे होतो. पश्चिमेस शुक्र व शनी, वर उंच गुरू, पूर्वेस मंगळ, अशी ग्रहांची ओळच लागली होती. ग्रहांच्या कक्षा जवळजवळ एकाच पातळीत असल्यामुळे ते क्रांतिवृत्तालगतच दिसावयाचे. यात अद्भुत काहीच नाही.

परंतु फेब्रुवारी १९६२ मध्ये मकर राशीत अष्टग्रही झाली, तेव्हा प्रलयाच्या भयाने देशभर होमहवने झाली. नवल हे की, ते ग्रह सूर्यतेजात लोपलेले होते. आणि आठवा जो केतू, तो तर केवळ गणितातला बिंदू! लोक भ्याले ते पाहिलेल्या आकाशास नव्हे, ऐकलेल्या भाकितास. ज्यास आकाश पाहण्याची सवय आहे, त्यास असे भय सहसा शिवत नाही, असे आम्हांस वाटते.